भीमबेटका: गाडीच्या खिडकीतून दिसलेले खडक

१९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर रेल्वेने भोपाळकडे निघाले होते. खिडकीतून विंध्याच्या रांगेतले उंच, झिजलेले खडक दिसले, आणि पुढे वाट वाकडी करून ते तिथे चढून गेले. मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याच्या, म्हणजे खडकांवरच्या प्राचीन चित्रांच्या जागेच्या, शोधाची ही गोष्ट नेहमी 'योगायोग' म्हणून सांगितली जाते. मला ते अर्धंच खरं वाटतं. हरिभाऊ, म्हणजे वाकणकर, मुळात चित्रकार, आणि माळव्यात प्राचीन अवशेषांच्या मागे वणवण करणारे. त्या खिडकीतून तेच खडक रोज शेकडो लोकांना दिसत होते.

शिवाय जागा अज्ञात नव्हतीच. आदिवासींना ती ठाऊक होती, भीमाची बैठक हे नावही लोकांचंच. १८८८च्या एका लेखात त्यांच्याच सांगण्यावरून तिचा उल्लेख आला, पण बौद्ध स्थळ म्हणून! त्याही आधी, १८६७-६८च्या सुमारास, पुरातत्त्वज्ञ आर्चिबाल्ड कार्लाइल यांना मिर्झापूरकडच्या विंध्यात अशी चित्रं सापडली होती. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेतली चित्रं उजेडात आली ती १८७९मध्ये. कार्लाइलनी मात्र धड काही छापलं नाही, त्यामुळे पहिल्या शोधाचा मान अल्तामिराला गेला.

भीमबेटक्याच्या परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय, म्हणजे खडकांतले नैसर्गिक आडोसे, आहेत, त्यांतल्या चारशेहून अधिकांत चित्रं. मध्याश्मयुगातल्या शिकाऱ्यांपासून तलवारी घेतलेल्या मध्ययुगीन घोडेस्वारांपर्यंत सगळे इथे आहेत, बहुतेक गेरूच्या लाल आणि पांढऱ्या रंगात, पुष्कळदा एकावर एक काढलेले. एका खडकावर शिंगं असलेला अवाढव्य रानडुकरासारखा प्राणी चिमुकल्या माणसाच्या मागे लागलाय, आणि शेजारी एक खेकडा. खेकडा तिथे का, हे विचारायची सोय नाही. सत्तरच्या दशकात वाकणकर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी इथे उत्खनन केलं. २००३ साली युनेस्कोने हे जागतिक वारसा स्थळ ठरवलं.

योगायोगाचा आणखी एक प्रसंग अलीकडचा. इथल्या 'ऑडिटोरियम' गुहेच्या छताजवळ भूवैज्ञानिकांना पानासारखा एक ठसा दिसला. ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जीवाचा जीवाश्म म्हणून २०२१मध्ये तो जाहीर झाला, जगभर बातम्या झळकल्या. २०२३मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी जवळून तपासलं, तर ते मधमाश्यांचं जुनं पोळं निघालं.