बोन्सायला मारते ती थंडी नव्हे, तहान

थंडी पडली की बोन्साय बाळगणाऱ्यांचा जीव खालीवर होतो. एवढंसं झाड, बाहेर कसं तग धरेल? मग मेपल नाहीतर ज्युनिपरसारखं थंड प्रदेशातलं झाड उचलून उबदार खोलीत येतं, आणि लाडानंच मरतं. वास्तविक बोन्साय म्हणजे काही खुजी जात नव्हे. छाटणी आणि उथळ कुंडीनं उंची रोखलेली असते एवढंच. पेशी रानातल्या भावंडांच्याच. कित्येक आठवडे साधारण 7 अंशांखालचा गारठा मिळाला नाही, तर वसंतात या झाडांचे डोळे (फांदीवरचे मिटलेले कोंब) नीट फुटत नाहीत. (फायकससारखी उष्ण प्रदेशातली झाडं मात्र आतच हवीत.)

मग गोठवणाऱ्या रात्री या पेशी फुटत कशा नाहीत? पाणी गोठताना फुगतं, हे शाळेत शिकलेलं खरंच आहे. पण तापमान हळूहळू उतरलं तर बर्फ पेशीत होतच नाही. तो होतो पेशींमधल्या फटींत. तिथलं पाणी जवळपास निर्मळ, आतलं साखर-क्षारांनी दाट. बाहेरचा बर्फ आतलं पाणी ओढत राहतो, रस घट्ट होत जातो आणि घट्ट रस गोठायला आणखी थंडी लागते. किती? किलोभर पाण्यात 1 मोल (कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) कण विरघळले की गोठणबिंदू 1.86 अंशांनी उतरतो. उणे 10 अंशांला न गोठता राहायचं तर सुमारे 5.4 मोल हवेत. आधी अर्धाच मोल असेल, तर पेशीला दहातले नऊ भाग पाणी गमवावं लागेल! 1 मोल असेल, तर पाचातले चार. हिशोब ढोबळ आहे, पण दिवस लहान होऊ लागताच झाड साखर का साठवतं, ते यातून कळतं. हिवात मेलेली पेशी बहुधा सुकून मेलेली असते.

मुळं या बाबतीत कच्ची. खोड उणे 20 अंश सोसत असलं, तरी कित्येक जातींची कोवळी मुळं उणे 5 च्या आसपासच मरतात. जमिनीत खालची ऊब असते. कुंडीला गारठा चहूबाजूंनी भिडतो. म्हणून कुंडी मातीत पुरावी, वर पालापाचोळ्याचा थर द्यावा, वाऱ्याला आडोसा करावा. माती कोरडी पडू देऊ नये: गोठताना दर ग्रॅम पाणी 80 कॅलरी उष्णता सोडतं, तेवढा मुळांना अवधी मिळतो. शिवाय सदाहरित झाडाची पानं उन्हावाऱ्यात पाणी गमावतच राहतात. बाटलीतल्या ‘हिवाळी टॉनिक’ची गरज यात कुठेच नाही. नत्र जास्त असेल तर ते ऐन थंडीच्या तोंडावर कोवळी फूट आणून घातच करेल.

खरा धोका हिवाळा सरताना. कमावलेला काटकपणा थोड्याच उबदार दिवसांत उतरतो, आणि मग रात्रीचं साधं गोठलेलं दहिवरही डोळे जाळतं. अशा वेळी झाड उन्हात नको. सावलीत, गारच राहू द्यावं.