'ग्रिस्बी' वेगळा, 'तोंतों' वेगळा

जुने फ्रेंच गुन्हेपट नव्यानेच बघू लागलेल्यांची 'तुशे पा ओ ग्रिस्बी' (१९५४) आणि 'ले तोंतों फ्लँगर' (१९६३) यांच्यात हमखास गल्लत होते; 'तोंतों' विनोदी, म्हणून 'ग्रिस्बी'लाही कुणी विनोदी म्हणून मोकळं होतं. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही आल्बेर सिमोनँच्या एकाच कादंबरीत्रयीवर बेतलेले आणि दोन्हींत नट लिनो वेंतुरा. त्यात 'तोंतों'मधला नोटरी फोलास पार्टीतल्या एका मुलीवर खेकसतो, तेव्हा पहिल्या सिनेमाचं नावच जवळपास जसंच्या तसं त्याच्या तोंडी येतं!

तरीही 'तोंतों' हा पुढचा भाग नव्हे. 'ग्रिस्बी' त्रयीतल्या पहिल्या कादंबरीवर आहे, 'तोंतों' तिसरीवर. तिथला नायक माक्स इथे फेर्नां झाला आहे: गुन्हेगारी सोडून दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबाँला ट्रॅक्टरच्या धंद्यात रमलेला. मरणाच्या दारातला मित्र त्याला पॅरिसला बोलावून आपले काळे धंदे आणि मुलगी त्याच्या गळ्यात घालतो.

खरा फरक दोन खाण्यापिण्याच्या प्रसंगांत दिसतो. दिग्दर्शक जाक बेकेरच्या 'ग्रिस्बी'त माक्स (जाँ गाबँ) मित्र रितोंला आपल्या गुप्त फ्लॅटवर नेतो. दोघं कुरकुरीत टोस्टवर 'पाते' (मांसाचं मऊ वाटण) लावून खातात, वाइन पितात, मग माक्स त्याला पायजमा देतो आणि दोघं दात घासून झोपतात. लुटलेलं सोनं, मागावरचे शत्रू, सगळं क्षणभर बाजूला राहतं. दिसतात ते दोन थकलेले, वय झालेले दोस्त. म्हणूनच पुढे रितोंचा जीव जातो तेव्हा फार लागतं. याला विनोदी सिनेमा म्हणणं चूकच.

दिग्दर्शक जॉर्ज लोत्नेरच्या 'तोंतों'त बाहेर पोरांची पार्टी रंगलेली असते आणि स्वयंपाकघरात हे गुंड पावाला लोणी फासत बसलेले असतात. नुकतेच एकमेकांच्या जिवावर उठलेले! मग एक जुनी, जहाल दारूची बाटली निघते. डोळ्यांत पाणी येतं, तरी त्यात सफरचंद आहे की बीट यावर चर्चा गंभीरपणे चालते. बेकेरची माणसं गप्प राहून मनातलं सांगतात, इथे मिशेल ओदियारचे संवाद सगळ्यांना बोलतं ठेवतात. पिस्तुलंसुद्धा सायलेन्सरमुळे 'प्लॉप' करतात आणि मेलेल्याचं दुःख करायला कुणी थांबत नाही.

माझं मत, आधी 'ग्रिस्बी' बघा. निदान वेंतुरासाठी तरी. कुस्तीच्या आखाड्यातून आलेल्या या माणसाचा तो पहिला सिनेमा, आणि त्यात तो खलनायक आंजेलो आहे. 'तोंतों'मध्ये तोच फेर्नां होऊन सगळा सिनेमा खांद्यावर पेलतो.