टॅरो आणि ऑरॅकल: फरक पत्त्यांच्या संख्येत नाही

टॅरो आणि ऑरॅकल म्हणजे मनात प्रश्न धरून काढायच्या, अर्थ लावायच्या चित्रांच्या पत्त्यांच्या दोन प्रकारच्या गड्ड्या. ‘ऑरॅकल म्हणजे सोपं टॅरो’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. त्याचं जुळं भावंडही तितकंच फिरतं: ‘टॅरो भविष्यासाठी, ऑरॅकल मनासाठी.’ दोन्ही चूक आहेत. स्वतःकडे नीट पाहण्यासाठी पत्ते हातात घेणाऱ्या माणसाचं यामुळे खरंच नुकसान होतं, म्हणून हे लिहायला बसले.

टॅरो बहुतेकांना ठाऊक असतं, त्यामुळे ते भरभर उरकते. एकूण ७८ पत्ते. त्यांतले २२ मेजर अर्काना (मोठे पत्ते), उरलेले ५६ मायनर (छोटे). मायनरचे कप्स (पेले), वाँड्स (काठ्या), स्वोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी) असे चार गट, प्रत्येकी १४ पत्त्यांचे. ऑरॅकलला असं कुठलंच बंधन नाही. बनवणारा ठरवेल तितके पत्ते, ठरवेल ते विषय. पत्त्यांचा आकार, सोनेरी कडा, चित्रांची शैली यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. उलटे आलेले पत्ते वेगळे वाचायचे की नाही, हेही ज्याचं त्यानं ठरवावं. मात्र ४४ संदेशांच्या गड्डीच्या डब्यावर ‘टॅरो’ छापलं म्हणून ती टॅरो होत नाही. आणि लेनोर्माँ नावाची ३६ पत्त्यांची गड्डी हे तिसरंच प्रकरण आहे, ते या दोघांत कोंबू नका.

भविष्याचं म्हणाल, तर टॅरो त्यासाठी जन्मलंच नव्हतं. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला बनले. ज्यांना आज आपण मेजर अर्काना म्हणतो, ते त्या खेळातले हुकमाचे पत्ते होते. नुसता ‘फूल’ (म्हणजे मूर्ख) हा पत्ता तेवढा वेगळ्या नियमाने चालायचा. गूढविद्येचा साज चढला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलॅं या लेखकाने या पत्त्यांचं मूळ प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचं लिहिलं, पुरावा काहीही नसताना. तेव्हा ‘टॅरोचं मूळ काम भाकीत’ हा दावा इतिहासातच टिकत नाही.

आता खरी अडखळण्याची जागा. टॅरोचा संच बंद असतो. आत काय आहे हे आधीच ठरलेलं असतं आणि नकोसे पत्तेही त्यात असतात: वीज पडून कोसळणारा टॉवर, हृदयात तीन तलवारी घुसलेला थ्री ऑफ स्वोर्ड्स, रात्री उठून तोंड झाकून बसलेला नाइन ऑफ स्वोर्ड्स. ते काढून टाकले तर गड्डी अपुरी होते. ऑरॅकलमध्ये काय असावं हे बनवणारा ठरवतो आणि बहुतेकदा तो धीर देणारंच निवडतो. शिवाय ऑरॅकलच्या पत्त्यावर सहसा शब्द किंवा वाक्य असतं. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांच्या गड्डीत मायनरच्या अंकाच्या पत्त्यांवरही अख्खे प्रसंग रंगवलेले आहेत आणि दोनपासून दहापर्यंतच्या पत्त्यांवर रोमन आकड्याखेरीज एक अक्षर नाही. ऑरॅकल तुम्हाला तयार वाक्य देतं, टॅरो प्रसंग देतं. वाक्य तुम्हाला करावं लागतं.

फोर ऑफ कप्स घ्या. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय. समोर गवतावर तीन पेले. ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय. गड्डीसोबतच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेलं असतं: उदासीनता, हातची संधी दवडणं. हा पत्ता माझ्यासमोर आला तेव्हा मला एका मोठ्या जबाबदारीबद्दल विचारणा झाली होती. मी वहीत लिहिलं, ‘हा नको म्हणतोय आणि त्याचं त्याला काही वाटत नाहीये.’ मग समोरच्या तीन पेल्यांना नावं दिली, म्हणजे माझ्याकडे आधीच असलेल्या तीन कामांची. तिसरं नाव लिहिताना कळलं की चौथ्याला माझ्याकडे जागा नाही. काही महिन्यांनी तोच पत्ता पुन्हा आला आणि तोच तरुण मला चक्क रुसलेला दिसला. त्या दिवशी मी रुसलेलीच होते. आता कल्पना करा, पत्त्यावर उघडं दार आहे आणि खाली लिहिलंय, ‘नव्या संधीचं स्वागत करा.’ माझा नकार मला सापडला असता का?

१९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना स्वभावाचं वर्णन दिलं, सगळ्यांना एकच, आणि ते किती लागू पडतं ते विचारलं. पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण पडले. ‘तुम्ही बदलाच्या उंबरठ्यावर आहात’ हे कुणाला लागू पडत नाही? टॅरोही या सापळ्यातून आपोआप सुटत नाही. पत्ता उलटल्याबरोबर पुस्तिका उघडलीत, की टॅरोचं तुम्ही ऑरॅकल केलंत. आधी चित्राकडे बघा, चार ओळी लिहा, मग पुस्तिका.

बंद संचाचा आणखी एक फायदा फार कुणी सांगत नाही: न आलेला पत्ताही बोलतो. नात्याबद्दल विचारलं, पाच पत्ते मांडले आणि एकही कप नाही, म्हणजे भावनांचा मानला जाणारा गटच गायब. तो योगायोगच असतो, पण मी स्वतःला विचारते, या प्रश्नातून मी भावना बाजूला कुठे ठेवल्या? ऑरॅकलमध्ये काय यायला हवं होतं हेच ठरलेलं नसतं, त्यामुळे काय आलं नाही याला अर्थ उरत नाही.

म्हणून ऑरॅकल टाकाऊ आहे का? अजिबात नाही. मन थकलेलं असताना दिवसाला एक शब्द पुरतो. ताज्या दुःखात असलेल्या माणसापुढे मी पाठीत दहा तलवारी खुपसलेला टेन ऑफ स्वोर्ड्स येऊ देणार नाही, ऑरॅकलच ठेवीन. फक्त लांबलचक संदेशांपेक्षा एकेका शब्दाची गड्डी घ्या. शब्दात शिरायला जागा असते.

माझा खरा राग आहे तो वेगळ्याच सवयीवर: टॅरोचा स्प्रेड, म्हणजे मांडलेले पत्ते, कडू निघाला की शेवट गोड व्हावा म्हणून वर एक ऑरॅकल काढायचं. जे बोचलं त्याच्याजवळ बसायची वेळ असते, तेव्हाच आपण उठून जातो. दोन्ही वापरायचीच असतील तर क्रम बदला. मी ऑरॅकल आधी काढते, टॅरो पिसायच्याही आधी, आणि त्या शब्दातून प्रश्न घडवते. ‘सीमा’ असा शब्द आला, तर ‘मला काय करायचंय?’ हा ढोबळ प्रश्न खोडून लिहिते, ‘मी कुणाला नाही म्हणायचं टाळतेय?’ मग पत्ते पिसते, तीन मांडते आणि वही उघडते.