गोफणीतून सुटलेला धोंडा आणि इब्न सिना

गोफणीतून सुटलेला धोंडा पुढे का जातो? हाताचा संबंध तर संपलेला असतो, मग त्याला ढकलते कोण? अ‍ॅरिस्टॉटलचे उत्तर होते, भोवतालची हवा. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस या तत्त्वज्ञाने ते खोडून काढले. बाणामागची हवा कितीही जोराने हलवली तरी बाण जागचा हलत नाही, असे त्याचे म्हणणे. फेकणारा वस्तूतच जोर भरतो आणि तो वाटेत आपोआप विरतो, असे त्याने मांडले.

इब्न सिनाने (९८०–१०३७) नेमके हे 'आपोआप' नाकारले. बुखाराजवळ जन्मलेला हा तत्त्वज्ञ इराणातल्या हमदानच्या दरबारात वजीर होता. दिवस राज्यकारभारात जाई. रात्री शिष्यांना घेऊन तो 'किताब अल्-शिफा' हा तत्त्वज्ञान आणि विज्ञानावरचा प्रचंड ग्रंथ रचत असे. युरोपातल्या विद्यापीठांनी कित्येक शतके शिकवला तो त्याचा वैद्यकग्रंथ 'कानून', आणि त्याचे नाव आजही बहुधा त्यासाठीच घेतले जाते. मला मात्र 'शिफा'मधला गतीचा विचार अधिक थक्क करतो.

तो म्हणतो, फेकलेल्या वस्तूत 'मय्ल', म्हणजे पुढे जाण्याचा कल उतरतो. हा कल आपणहून संपत नाही. हवेसारखा अडथळाच त्याला झिजवतो. मग अडथळाच नसलेल्या पोकळीत काय होईल? वस्तू कधीच थांबणार नाही! इब्न सिना इथवर पोचला आणि त्याने निष्कर्ष काढला की, अशी न थांबणारी गती कुठे दिसत नाही, त्याअर्थी पोकळी असूच शकत नाही. तर्क चोख होता. निर्वात जागा पाहण्याची सोय त्या काळी कुणाकडेच नव्हती.

चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ बुरिदाँ या तत्त्वज्ञाने जवळजवळ हाच विचार मांडला. त्याने 'शिफा' वाचला होता का, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. त्याने या जोराला मापही दिले: वस्तूत द्रव्य जितके जास्त आणि वेग जितका जास्त, तितका जोर मोठा. शिवाय आकाशात अडथळा नसल्याने ग्रहगोल एकदा दिलेल्या जोरावर फिरत राहू शकतील, असेही त्याने सुचवले.

न्यूटनचा १६८७चा गतीचा पहिला नियम याहून वेगळा आहे. इब्न सिना आणि बुरिदाँ यांना गती टिकायला वस्तूच्या आत काहीतरी कारण लागत होते. न्यूटनने ते कारणच काढून टाकले: एकसमान गती टिकते, स्पष्टीकरण हवे ते तिच्यातल्या बदलाला.