सिलिकाची धूळ : उपाय माहीत असूनही गेलेली वर्षे

दगड, वाळू किंवा काँक्रीट कापताना उडणाऱ्या अतिसूक्ष्म धुळीतली सिलिका फुप्फुसांत साठत गेली की सिलिकोसिस होतो. त्यावर रोग मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही, पण तो पूर्णपणे टाळता येतो. ही माहिती नवी नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर लिहिलेल्या ग्रंथात पाथरवटांच्या श्वसनविकारांची नोंद केलेली आहे.

उपायही बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाबाच्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रे खाणींत आली, तेव्हा त्यांच्या कोरड्या धुळीमुळे अमेरिकी खाणकामगार त्यांना ‘विधवा करणारे यंत्र’ म्हणू लागले. पुढे कोलोरॅडोतील जॉन जॉर्ज लेनर यांनी ड्रिलच्या पोकळ दांड्यातून पाणी सोडून धूळ जागच्या जागी बसवण्याची सोय केली. १९३० साली जोहान्सबर्गला सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट बोगद्याचे कोरडे खोदकाम सुरू झाले, ज्यात शेकडो मजूर दगावले आणि त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. तज्ज्ञांना जे ठाऊक होते ते या बोगद्यात उतरलेच नाही, हे विसरता येणार नाही.

कायद्याची चालही अशीच मंद राहिली. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९७४ साली हवेतील सिलिकाची मर्यादा दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असावी अशी शिफारस केली. ती बंधनकारक नियमात यायला २०१६ साल उजाडले. मात्र या नियमाची बांधकामासाठीची मांडणी मला फार मोलाची वाटते. लहान कंत्राटदाराला हवेचे नमुने तपासणे जमत नाही, म्हणून कोणत्या यंत्राला पाणी जोडायचे, कोणत्याला धूळ खेचणारा पंखा लावायचा, मुखवटा केव्हा घालायचा, याचा एक तक्ताच नियमात दिला आणि तो नीट पाळणाऱ्याला मोजमापातून सूट दिली. डांबरी रस्ते खरवडणाऱ्या यंत्रांबाबत तर नायॉशचे संशोधक, यंत्रनिर्माते आणि कामगार संघटना २००३ पासून एकत्र बसले, आणि धूळ शोषणारी व्यवस्था यंत्रातच बसवली गेली. त्यामुळे मजुराला सुरक्षितता वेगळी आठवावी लागत नाही.

भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने, जो २०२५ पर्यंत लागू होता, सिलिकोसिस आढळल्यास तो कळवणे सक्तीचे केले. पण गुजरातेत खंभातला अकीक दगड घासणारी कुटुंबे घरातच काम करतात, त्यामुळे ती सहसा या कायद्याच्या कक्षेत आली नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अशा कामासाठी धूळ खेचणारी साधने तयार केली. ती टिकायची तर वीज, देखभाल आणि खर्च यांचा भार घासणाऱ्याच्या दिवसाच्या कमाईला झेपला पाहिजे. आपल्या शहरांतही इमारतींच्या कामांवर फरशी कटरने कोरडीच कापली जाताना सर्रास दिसते, आणि कापणाऱ्याच्या तोंडाला बहुधा रुमाल असतो. रुमालातून ही धूळ आरपार जाते. कटरखाली पाण्याची बारीक धार सोडली, तर ती बरीचशी तिथेच बसते.