बायॉस अद्यतन, ओव्हरक्लॉकिंगलक्षी

मदरबोर्डच्या फर्मवेअरची (बायॉसची) अशी आवृत्ती, जी बसवल्यावर प्रोसेसर किंवा रॅम नेमून दिलेल्या वेगापलीकडे चालवता येते, पण त्या बदल्यात हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील डेटाची खात्री कमी होते. ही देवघेव प्रत्येक अद्यतनात नसते. जिथे प्रोसेसरचा आणि साठवणीचा क्लॉक (चाल ठरवणारा स्पंद) एकाच उगमातून निघतो, किंवा जिथे वेगासाठी बसची (बोर्डावरील डेटामार्गाची) आणि मेमरीची टायमिंग आवळली जाते, तिथे ती उद्भवते. अशा अद्यतनांची प्रथा नेमकी केव्हा सुरू झाली हे एका वर्षावर बोट ठेवून सांगता येत नाही. फ्लॅश चिपवर लिहिता येणारे बायॉस आणि जंपरऐवजी (बोर्डावरील पिना जोडणाऱ्या टोप्यांऐवजी) बायॉसच्या पडद्यावरून बस वारंवारता बदलण्याची सोय या दोन गोष्टी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकत्र आल्या. प्रथेची सुरुवात त्या सुमाराची मानणे सयुक्तिक ठरेल.

मूळ कारण विभाजकात, म्हणजे एका क्लॉकला भागून दुसरा मिळवणाऱ्या आकड्यात आहे. त्या काळी पीसीआय बसचा (विस्तार कार्डे जोडणाऱ्या मार्गाचा) ३३.३ मेगाहर्ट्झचा क्लॉक फ्रंट साइड बसला (प्रोसेसरच्या मुख्य मार्गाला) भागून मिळवत: १०० मेगाहर्ट्झला ३ ने, १३३ ला ४ ने. मधल्या वारंवारतांसाठी वेगळा विभाजक नव्हता. ११२ मेगाहर्ट्झवर पीसीआय ३७.३ ला जाई आणि १२४ वर ४१.३ ला. आयडीई (तेव्हाच्या डिस्कजोडणीच्या) कंट्रोलरची टायमिंग याच पीसीआय क्लॉकवरून मोजली जात असल्याने डिस्कची केबलही तेवढीच वेगाने धावे. नव्या बायॉसने १/४ विभाजक खुला केला की १३३ वर पीसीआय पुन्हा जागेवर येई. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवर (बोर्डावरील नियंत्रक चिपांच्या संचावर) मात्र एजीपीला (ग्राफिक्स कार्डाच्या बसला) २/३ च्या खालचा विभाजक नव्हता, त्यामुळे पीसीआय सावरले तरी ग्राफिक्स कार्ड ८९ मेगाहर्ट्झवर राही. नुसत्या वारंवारतांची यादी वाढवून विभाजक न देणारे अद्यतन सर्वांत घातक. पडद्यावर नवे आकडे दिसत आणि डिस्क त्यांची किंमत मोजत असे.

अल्ट्रा डीएमए या डिस्कच्या वेगवान डेटावहन पद्धतीपासून केबलवरून जाणाऱ्या डेटाला सीआरसी तपासणी (सोबत पाठवलेल्या तपासअंकाशी पडताळणी) मिळाली. त्याआधीच्या पीआयओ आणि मल्टिवर्ड डीएमए पद्धतींत ती नव्हतीच. सीआरसी चूक झाली की तोच डेटा पुन्हा पाठवला जातो. म्हणून बिघाडाचे पहिले लक्षण फाइल खराब होणे हे नसून वेग मंदावणे हे असे. विंडोज एक्सपी अशा सहा चुका साठल्या की डीएमएची पायरी उतरवत असे आणि शेवटी सर्वांत मंद अशा पीआयओवर येऊन थांबे. ‘ओव्हरक्लॉक केल्यावर मशीन हळू झाले’ या जुन्या तक्रारीचे बहुतेक वेळा हेच उत्तर होते. स्मार्टमधील (ड्राइव्हच्या स्वतःच्या आरोग्यनोंदींमधील) १९९ क्रमांकाचा गुण ह्याच चुका मोजतो. मात्र ही तपासणी केवळ तारेपुरती आहे. समांतर आयडीईमध्ये ती डेटाला लागू होती, आज्ञांना नाही. बदललेल्या सेक्टर क्रमांकावर अचूक डेटा लिहिला गेला तर सीआरसीला काहीच वावगे दिसत नसे.

व्हीआयए ६८६बी प्रकरण. २००१ मध्ये व्हीआयएच्या व्हीटी८२सी६८६बी साउथब्रिजवर (डिस्क व पीसीआय सांभाळणाऱ्या चिपवर), विशेषतः केटी१३३ व केटी१३३ए चिपसेटच्या बोर्डांवर, एका आयडीई चॅनेलवरून दुसऱ्यावर मोठ्या फाइली नेताना डेटा बिघडू लागला. साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड असलेल्या यंत्रांत हे जास्त दिसे. उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार दोष साउथब्रिजच्या आणि पीसीआय बसवाटपाच्या रचनेत होता. दुसऱ्या मतानुसार बसवर दीर्घकाळ ताबा ठेवणारे साउंड कार्ड कारणीभूत होते. तिसरे मत बायॉस लिहिणाऱ्यांकडे बोट दाखवते: चाचण्यांत आकडे वर यावेत म्हणून चिपसेटच्या पीसीआय रजिस्टरांत (सेटिंग्ज साठवणाऱ्या जागांत) आक्रमक किमती भरल्या गेल्या, आणि बोर्ड मूळ वेगावर असतानाही बिघाड त्यातूनच झाला. व्हीआयएची दुरुस्ती आणि बोर्ड उत्पादकांची त्यानंतरची अद्यतने ह्या किमती सौम्य करणारी, म्हणजे उलट दिशेची देवघेव करणारी होती. बहुतांश तक्रारी तेवढ्याने थांबल्या. त्यामुळे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते; अर्थात त्याने चिपचा दोष पुरता धुऊन निघत नाही, कारण सहनशील चिपने त्याच किमती पेलल्या असत्या. ओव्हरक्लॉकिंगने हा दोष निर्माण केला नाही, पण बिघडण्याचा उंबरठा नक्की खाली आणला.

एनव्हिडियाच्या एनफोर्स२ (२००२) चिपसेटपासून पीसीआय व एजीपी क्लॉक स्थिर ठेवण्याची सोय रुळली. त्याला ‘लॉक’ म्हणतात. व्हीआयएच्या के८टी८०० मध्ये लॉक नव्हता, के८टी८०० प्रो मध्ये आला. लॉक पीसीआयला लागू असला म्हणजे साटा (आयडीईनंतरच्या डिस्कजोडणीच्या) पोर्टलाही असेलच असे नाही. एनफोर्स३ २५० च्या काही बोर्डांवर चारपैकी दोनच साटा पोर्ट वाढीव क्लॉकवर टिकत, आणि तिथे केबल दुसऱ्या पोर्टात लावणे हाच उपाय होता.

इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीत (२०११) क्लॉक जनरेटर चिपसेटच्या आत गेला आणि १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला प्रोसेसर, डीएमआय (प्रोसेसर व चिपसेटमधील दुवा), पीसीआय एक्सप्रेस (पीसीआयची उत्तराधिकारी) व साटा एकत्र बांधले गेले. तेव्हापासून बेस क्लॉकला ५ टक्क्यांच्या आसपासच वाव राहिला. साटाला वारंवारतेत दशलक्षात ३५० भागांचा फरक चालतो, शिवाय स्प्रेड स्पेक्ट्रमसाठी (रेडिओ-व्यत्यय कमी करायला वारंवारता किंचित हलवण्यासाठी) खालच्या बाजूला ०.५ टक्का. बेस क्लॉक १०५ केला तर फरक दशलक्षात ५०,००० भाग, म्हणजे मर्यादेच्या सुमारे १४० पट. ड्राइव्हवर स्वतःचा क्रिस्टल, म्हणजे क्लॉकचा उगम, असतो. बोर्डाने क्लॉक वाढवला तरी ड्राइव्ह आपल्याच चालीने चालतो आणि दोन टोके एकमेकांपासून फारकत घेतात. पीसीआय एक्सप्रेस कार्डाला मात्र बोर्डच क्लॉक पुरवतो, दोन्ही टोके बरोबरच सरकतात. ग्राफिक्स कार्ड तग धरत असताना साटा डिस्क गायब का होते, याचा उलगडा यातून होतो. (याच पिढीच्या चिपसेटमधील ३ गिगाबिट साटा पोर्ट कालांतराने क्षीण होण्याचा दोष हार्डवेअरचा होता. जानेवारी २०११ च्या अखेरीस इंटेलने तो जाहीर केला आणि बी३ आवृत्तीत सुधारला. त्याची या विषयाशी गल्लत करू नये.)

इंटेलच्या स्कायलेक पिढीत (२०१५) पीसीआय एक्सप्रेस व डीएमआयचा क्लॉक वेगळा झाला. डिसेंबर २०१५ मध्ये सुपरमायक्रोच्या सी७एच१७०-एम बोर्डावर, आणि पाठोपाठ अ‍ॅझरॉकच्या ‘स्काय ओसी’ अद्यतनांनी, गुणक (बेस क्लॉकला गुणून वेग देणारा आकडा) कुलूपबंद असलेले प्रोसेसरही बेस क्लॉकवरून वाढवता येऊ लागले. २७ गुणकाच्या प्रोसेसरला १६७ मेगाहर्ट्झ दिले की ४.५ गिगाहर्ट्झ. इथे साठवण सुटली, किंमत दुसरीकडे मोजावी लागली: अंतर्गत ग्राफिक्स, टर्बो व वीजबचतीच्या सी-स्थिती बंद, एव्हीएक्स (जड गणितासाठीच्या आज्ञा) मंद, गाभ्यांचे तापमान चुकीचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये इंटेलच्या मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील आज्ञावली) बदलानंतर ही वाट पुढच्या अद्यतनांतून बंद करण्यात आली.

एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझनवर (२०१७) बाह्य क्लॉक जनरेटर असलेल्या मोजक्या बोर्डांनी बेस क्लॉक खुला केला. तिथे पीसीआय एक्सप्रेस सोबतच सरकते. साधारण १०५ च्या पुढे तिसऱ्या पिढीचा दुवा दुसऱ्या पिढीवर उतरवावा लागतो. एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या) एसएसडीचा वेग तेव्हा जवळपास निम्मा होतो, आणि दुवा ‘ऑटो’वर सोडला तर ड्राइव्ह बूटच्या वेळीच दिसेनासा होऊ शकतो.

मेमरीमार्गे होणारा बिघाड. आजच्या अद्यतनांत बेस क्लॉकपेक्षा रॅमचे वेग आणि टायमिंगच जास्त बदलतात, आणि खरा धोका इथे आहे. तारेवरची चूक सीआरसी पकडते. रॅममध्ये उलटलेला बिट मात्र ड्राइव्हकडे जाताना नव्या, अगदी बरोबर सीआरसीसह जातो, आणि चुकीचा डेटा निष्ठेने लिहिला जातो. फाइल सिस्टिमच्या चेकसमचाही (साठवलेल्या तपासअंकाचाही) इथे अर्धाच उपयोग. चेकसम काढण्याआधी बिट उलटला असेल तर झेडएफएस ही चेकसम ठेवणारी फाइल सिस्टिमही त्या चुकीवर शिक्कामोर्तब करते. त्यामुळे ‘मशीन हँग होत नाही’ हा स्थैर्याचा पुरावा नव्हे. एखाद्या छायाचित्राचा खालचा अर्धा भाग करडा निघणे किंवा झिप न उघडणे महिन्यांनी लक्षात येते, आणि तोवर बॅकअपमध्येही तीच प्रत गेलेली असते.

कार्यपद्धती. अद्यतनाआधी सर्व क्लॉक मूळ किमतींवर आणावेत. नवी प्रतिमा चिपवर लिहिण्याआधी रॅममधूनच जाते, म्हणून डळमळीत रॅमवर फ्लॅश करणे (चिपवर बायॉस लिहिणे) म्हणजे बोर्ड गमावण्याची तयारी. साटा मोड एएचसीआय (सुटे ड्राइव्ह) आहे की रेड (ड्राइव्हचा एकत्रित संच), हे टिपून ठेवावे. अद्यतनानंतर सेटिंग्ज मूळ पदावर जातात आणि मोड बदलला तर विंडोज ०x७बी या निळ्या पडद्यावर अडकते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कूटलेखन) तात्पुरते थांबवून रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी, कारण फर्मवेअरमधील टीपीएम (कूटकिल्ल्या जपणारे सुरक्षा मॉड्यूल) नव्याने सुरू होऊ शकते. पेन ड्राइव्ह फॅट३२ असावा. मशीन यूपीएसवर असावे. फ्लॅशबॅक बटण (बोर्ड सुरू न करता बायॉस लिहिणारे) नसलेल्या बोर्डावर फ्लॅश फसले तर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर बाहेरून लिहिणारे उपकरण) लागतो, चिप १.८ व्होल्टची असेल तर मध्ये अडॅप्टर हवाच. ऑप्शन रॉम (बायॉसमधील, रेड कंट्रोलर चालवणारा छोटा प्रोग्राम) बदललेले घरगुती बायॉस रेड संच असलेल्या यंत्रावर वापरू नये, रॉमची आवृत्ती न जुळल्यास संच तुटलेला दिसतो.

पडताळणीसाठी मूळ वेगावर असतानाच रॅमच्या किमान दुप्पट आकाराच्या फाइलींचे शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुराचे अंकी ठसे) काढून ठेवावेत. ३२ जीबी रॅम असेल तर ६४ जीबी. त्याहून लहान संच कॅशमधूनच वाचला जातो आणि चाचणी फसवी ठरते. नव्या बायॉसवर वेग वाढवल्यावर मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या किमान चार फेऱ्या निर्दोष व्हाव्यात. एक चूकही जास्तच. मग संचाची प्रत करून मशीन पुन्हा सुरू करावे आणि प्रतीचे हॅश ताडावेत. स्मार्ट १९९ चा आकडा आधी व नंतर पाहावा. तो एकदा वाढला की पुन्हा शून्यावर येत नाही, म्हणून वाढ झाली का तेवढेच महत्त्वाचे. एनव्हीएमईला हा गुण नसतो. तिथे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ह्वीया-लॉगरची (हार्डवेअर चुका नोंदवणाऱ्या घटकाची) १७ क्रमांकाची नोंद शोधावी. साठवणीसाठी १२९ म्हणजे ड्राइव्ह रीसेट, १५३ म्हणजे पुन्हा केलेला प्रयत्न.

बिघाड दिसताच डिस्क दुरुस्त करण्याची घाई करू नये. वाढीव वेगावर चालवलेले चेकडिस्क त्याच सदोष रॅममधून फाइल सिस्टिमच्या नोंदी पुन्हा लिहिते आणि वाचलेल्या फाइलीही घालवते. आधी सीमॉस (बायॉस सेटिंग्जची स्मृती) साफ करून मूळ वेग, मग डेटाची दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत, आणि दुरुस्ती त्यानंतर.