एका वर्गात दोन बाई

ठाण्यातल्या आमच्या शाळेत सहावीच्या वर्गात मंगळवारी आणि शुक्रवारी दोन बाई असतात. एक मी, गणित शिकवणारी. दुसऱ्या विशेष शिक्षिका, अपंग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्या. बाकीचे दिवस त्या दुसऱ्या शाळांमध्ये फिरतात. गेल्या पावसाळ्यात मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज घेत होते. शेवटच्या बाकावर त्या एका मुलाला कागदाची पट्टी दुमडून पाव, अर्धा, पाऊण दाखवत होत्या. हळूहळू मागच्या दोन रांगा फळ्याकडे पाठ करून पट्टीकडेच बघायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, जरा हळू बोला ना." त्या गप्प झाल्या, त्या तास संपेपर्यंत. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "आज समच्छेद घेणार हे काल कळलं असतं, तर मी सगळ्या वर्गासाठी पट्ट्या कापून आणल्या असत्या."

काल सांगायचं कधी? वेळापत्रकात दोघींनी एकत्र बसायचा तासच नाही. तो का नाही हे बघायला मागे गेलं, की दोष ना त्यांचा उरतो ना माझा.

आपल्याकडे विशेष शाळा आधी समाजकल्याण खात्याच्या, २०२२पासून वेगळ्या दिव्यांग कल्याण विभागाच्या, आणि बाकीच्या शाळा शिक्षण खात्याच्या, अशी वाटणी फार जुनी आहे. अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत घेण्याची केंद्राची एकात्म शिक्षण योजना १९७४ची. तीसुद्धा आधी समाजकल्याणकडेच होती आणि १९८२मध्ये शिक्षण खात्याकडे आली. म्हणजे पहिली आठ वर्षं मूल आमच्या वर्गात, पण योजना दुसऱ्याच खात्याची. "मॅडम, तुमची मुलं घेऊन जा," असं विशेष शिक्षिकेला आजही ऐकावं लागतं. त्या 'तुमची' या शब्दाचं मूळ मला या वाटणीत दिसतं.

शिक्षकही दोन कारखान्यांत घडले. विशेष शिक्षकांची नोंदणी १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, तर आमचं बी.एड. १९९३च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या नियमांवर. सर्वसमावेशक शाळा हा विषय सगळ्यांच्या बी.एड.मध्ये आला तो २०१४च्या नव्या आराखड्यात, आणि तोही अर्ध्या पेपरचा. मी त्याच्या कितीतरी आधी पास झाले. त्या मुलाचा वैयक्तिक आराखडा, म्हणजे त्याला काय आणि कसं शिकवायचं याचा कागद, पहिल्यांदा हातात आला तेव्हा तो वाचायचा कसा, हे मला विशेष शिक्षिका बाईंनीच शिकवलं.

महाराष्ट्राने अध्ययन अक्षम, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात अडथळा असणाऱ्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या त्या १९९६पासून. चांगलं पाऊल होतं, शेकडो घरांना त्याने आधार दिला. पण ठाण्यातल्या पालकांच्या तोंडी त्यामुळे सायनच्या रुग्णालयाचं अक्षमतेचं सर्टिफिकेट, लेखनिक आणि जादा वेळ एवढंच बसलं. परीक्षेची सोय झाली. रोजच्या तासाला दोन शिक्षकांनी काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

सहअध्यापन, म्हणजे एकाच वर्गात दोन शिक्षकांनी मिळून शिकवणं, ही कल्पना रुजली अमेरिकेत. तिथल्या १९७५च्या कायद्याने अपंग मुलांना शक्य तितकं इतर मुलांबरोबरच शिकवा असं बजावलं आणि विशेष शिक्षक हळूहळू वर्गात आले. दोघांनी आधी बसून पाठ आखायचा, हा त्या पद्धतीचा कणाच. आपण दुसरी खुर्ची घेतली, आखणीचा वेळ घेतला नाही.

आपल्याकडचे पुढचे कायदे मात्र जोरदार आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचं अपंगत्व मानलं, त्यात अध्ययन अक्षमताही आली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्राथमिकला दहा आणि वरच्या वर्गांना पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. हे प्रमाण खरोखर आलं तर आमच्या बाई आठवडाभर शाळेत दिसतील. पण त्यात मुलं मोजली आहेत. दोन शिक्षकांनी कधी बोलायचं ते कुठेच मोजलेलं नाही. प्रगतिपुस्तकावर सहीची जागाही एकाच वर्गशिक्षकाची.

सध्या आम्ही सोमवारी आणि गुरुवारी रात्री, घरातली जेवणं उरकल्यावर, फोनवर दहा मिनिटं बोलतो. कोणता पाठ, किती पट्ट्या, कोण फळ्यापाशी, एवढंच.